दुर्गाबाई, तारामती आणि आमचं गॅदरिंग

दिवाळीच्या सुट्टीत नात मुंबईहून आली होती. तिला कॉलेजात जुन्या सिनेमांवर काहीतरी लिहून द्यायचं होतं. एका दुपारी तिने लॅपटॉपवर 'अयोध्येचा राजा' लावला आणि हाक मारली, "आजी, ये गं, तुझ्या काळातला पिक्चर लावलाय." आता 'अयोध्येचा राजा' १९३२ सालचा आणि मी १९५० ची. पण अठरा वर्षांच्या मुलीला १९३२ काय नि १९५० काय, सगळं एकच! मी चष्मा शोधला आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.

चित्र जुनं, सतत पाऊस पडत असल्यासारखं. आवाज मधूनच बसतो, मधूनच खरखरतो. नात थोड्या वेळाने मोबाईल बघू लागली. मी मात्र बघत राहिले. हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे आणि तारामती दुर्गा खोटे. पार्श्वगायन तेव्हा आलेलं नव्हतं, त्यामुळे कॅमेऱ्यासमोर जो उभा तोच गाणार, आणि तेही त्याच क्षणी. दुर्गाबाई काही गायिका नव्हेत. पण त्या ताठ मानेने उभ्या राहतात आणि गातात. त्या उभं राहण्यातच राणी दिसते.

स्मशानाचा प्रसंग जवळ आला तशी मी उठले. गॅसवर दूध ठेवलंय असं नातीला सांगितलं. गॅसवर दूध नव्हतं.

ते का, ते पुढे सांगते. आधी दुर्गाबाईंबद्दल, कारण आमच्या किहीमपासून बारा-एक किलोमीटरवर, अलिबागला, त्या उत्तरायुष्यात येऊन राहिल्या होत्या आणि आमच्या भागातल्या कितीतरी तरुण मुलांना हे ठाऊकसुद्धा नाही. किहीम म्हटलं की हल्ली लोकांना बंगले आठवतात. फार तर कुणी पक्षीवेडा सलीम अलींचं नाव घेतो. नोकरी गेलेली असताना त्यांनी किहीमला येऊन सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला होता. तोही १९३० च्या आगेमागेचाच काळ. हाताला काम नसणं हे त्या काळात बऱ्याच मोठ्या माणसांच्या वाट्याला आलेलं दिसतं.

दुर्गाबाईंच्याही. जन्म १४ जानेवारी १९०५, ऐन संक्रांतीचा. माहेर लाडांचं, मूळ गोव्याकडचं, मुंबईत स्थिरावलेलं सुखवस्तू घर. शिक्षण कॅथीड्रल हायस्कुलात, मग सेंट झेवियर्स कॉलेज. त्या काळात कॉलेजात गेलेली मराठी मुलगी म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. लग्न होऊन गेल्या त्या खोट्यांच्या घरी, तेही श्रीमंत. पुढे ती श्रीमंती ओसरली. पदरी दोन मुलगे, बकुळ आणि हरिन. ऐन तरुणपणी वैधव्य आलं. मुलांना वाढवायचं तर स्वतः कमवायला हवं होतं. इंग्रजी उत्तम येत होतं, पण त्यावर बाईमाणसाला नोकरी कोण देणार?

१९३१ मध्ये मोहन भवनानींच्या 'फरेबी जाल' या चित्रपटात त्यांना एक छोटी भूमिका मिळाली. चित्रपट सुमार निघाला, आणि ओरड झाली ती मात्र चित्रपटाच्या दर्जाबद्दल नव्हे. लाडांची मुलगी आणि खोट्यांची सून पडद्यावर नाचायला गेली, याबद्दल. लोक एवढं बोलले की दुसरी कुणी असती तर तिने तिथेच कानाला खडा लावला असता. पण त्याच सुमाराला कोल्हापूरहून प्रभात कंपनीच्या व्ही. शांतारामांनी तारामतीसाठी विचारलं आणि त्या गेल्या. 'अयोध्येचा राजा' ६ फेब्रुवारी १९३२ ला मुंबईत मॅजेस्टिकला लागला. मराठीतला पहिला बोलपट. हिंदीतही तो वेगळा केला होता. त्याआधीचा 'आलम आरा' तर आज कुठेच शिल्लक नाही, म्हणून आपल्या देशात आज बघायला मिळणारा सगळ्यात जुना बोलपट हाच. नातीला हे सांगितलं तेव्हा तिने मोबाईल खाली ठेवला.

आता एक गंमत बघा. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा त्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती. कोणीच तयार होईना. शेवटी एका उपाहारगृहात काम करणारे साळुंके मिशा उतरवून तारामती झाले. तिथून १९३२ पर्यंत एकोणीस वर्षं. भूमिका तीच, स्मशान तेच, आणि आता तारामती म्हणून उभी आहे झेवियर्समध्ये शिकलेली दोन मुलांची आई.

म्हणूनच जो तो लिहितो, 'घरंदाज घराण्यातून चित्रपटात आलेली पहिली स्त्री'. मीही वर्गात असंच सांगत असे. फळ्यावर लिहूनसुद्धा दिलं असेल. पण अलीकडे हे वाक्य माझ्या घशात अडकतं. फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये १९१३ साली दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई (पुढे गोखले) या मायलेकींनी कामं केली होती. त्यांनाही पोटासाठीच करावी लागली असणार. त्यांच्यानंतर मूकपटांत कितीजणी आल्या, नाचल्या, पडद्यावर रडल्या आणि नाव न राहता गेल्या. त्या सगळ्या काय घर नसलेल्या होत्या? 'घरंदाज' म्हणून एकीला वर चढवताना आपण बाकीच्या सगळ्यांना खाली ढकलतो. आणि जिला वर चढवतो तिचंही खरं श्रेय काढून घेतो. दुर्गाबाईंनी घराण्याची शोभा वाढवायला काही तोंडाला रंग लावला नव्हता. त्यांना पगार हवा होता. मी स्वतः एकवीस वर्षांची असताना वडील गेले आणि बी.ए.चा निकाल हातात येताच शाळेत चिकटले. त्यामुळे पहिल्या पगाराची नोट हातात कशी लागते, ते मला माहीत आहे. मास्तरणीच्या पगाराला मात्र कुणी नावं ठेवत नाही. असो.

त्याच १९३२ मध्ये 'माया मच्छिंद्र' आला. त्यात त्या पुरुषांचा तिरस्कार करणाऱ्या स्त्रीराज्याची राणी किलोतला होत्या. एका वर्षात पतीसाठी विकली जाणारी तारामती आणि पुरुषांना पायाशी ठेवणारी किलोतला! मग कलकत्त्याला जाऊन 'राजरानी मीरा' (१९३३) आणि देवकी बोस यांचा 'सीता' (१९३४). कलकत्त्याचा तो रेल्वेप्रवास, परकी भाषा, घरी मुलं... 'सीता'मध्ये राम होते पृथ्वीराज कपूर. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मला स्वतःला सगळ्यात ओढ वाटते ती १९३६ च्या 'अमर ज्योती'मधल्या सौदामिनीची. बाईला कायद्याने स्वतःच्या मुलावर हक्क नाही, म्हणून ती राज्याविरुद्ध उठते आणि समुद्रावर चाचेगिरी करू लागते. व्हेनिसच्या महोत्सवातही हा चित्रपट दाखवला गेला होता. किहीमच्या किनाऱ्यावर संध्याकाळी फिरायला गेलं की डावीकडे खांदेरी-उंदेरी दिसतात. आंग्र्यांचा हा दर्या. तिथे उभं राहिलं की मला आंग्र्यांच्या गुराबांबरोबर ती काळ्या-पांढऱ्या चित्रातली सौदामिनीही आठवते. १९३६ साली प्रभातने अशी बाई पडद्यावर उभी केली आणि लोकांनी ती पाहिली. आमच्या आईने कुणाकडून तरी तिची गोष्ट ऐकली होती. ती सांगताना "मग ती गलबत घेऊन निघाली" इथे तिचा आवाज बदलायचा. आई स्वतः रेवसच्या लाँचनेसुद्धा एकटी कधी गेली नाही.

तेव्हा कलाकार एकेका कंपनीला पगारावर बांधलेले असत. दुर्गाबाई मात्र एका दावणीला राहिल्या नाहीत. आज इथे, उद्या तिथे, आपलं काम आपण ठरवून घेणार. तिसाच्या दशकातच त्यांनी 'सवंगडी', हिंदीत 'साथी', या चित्रपटाची निर्मितीही केली. १९४१ मध्ये आचार्य अत्र्यांच्या 'पायाची दासी'त (हिंदीत 'चरणों की दासी') त्या खाष्ट सासू झाल्या, १९४२ च्या 'भरत मिलाप'मध्ये कैकेयी. या दोन्हींसाठी बंगालच्या चित्रपट पत्रकारांचं पारितोषिक त्यांना मिळालं. मला यात विशेष वाटतं ते हे की वय छत्तीस-सदतीस असताना, सीता आणि तारामती करून झालेल्या नटीने सासू आणि कैकेयी आपणहून पत्करल्या. लोक शिव्या देतील अशा भूमिका घ्यायला धाडस लागतं. पडद्यावरच्या सतीला प्रत्यक्षातही सती मानणारे ते दिवस!

नाटकाकडे त्या वळल्या तेव्हा नाव झालेलं होतं, नसत्या वळल्या तरी चाललं असतं. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांतून त्यांनी कामं केली. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'त त्या आनंदीबाई होत्या, राघोबा नानासाहेब फाटक. शिरवाडकरांनी 'मॅक्बेथ'चं 'राजमुकुट' केलं, १९५४ मध्ये ते रंगभूमीवर आलं, त्यात लेडी मॅक्बेथची भूमिका दुर्गाबाईंकडे. 'ध'चा 'मा' करणारी आनंदीबाई आणि नवऱ्याच्या हातात खंजीर देणारी ती. मला यांतलं काहीच पाहायला मिळालं नाही, मी तेव्हा पाटीवर अक्षरं गिरवत होते. नाटकाचं हेच वाईट. सिनेमा नातीने नव्वद वर्षांनी लॅपटॉपवर लावला. पण ती आनंदीबाई कशी बोलली, हे आता कुणाला विचारायचं? १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला, १९६८ मध्ये पद्मश्री.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते 'मुघल-ए-आझम'मध्ये. चित्रपट १९६० चा, पण आमच्याकडे उशिरा पोहोचला. मामाबरोबर एस.टी.ने अलिबागला जाऊन पाहिला होता. सगळे मधुबालेकडे बघत होते. मी बघत होते ती जोधाबाईकडे. एकीकडे नवरा, एकीकडे मुलगा आणि मधे ती. अकबर कोण? पृथ्वीराज कपूर. सीतेचे राम सव्वीस वर्षांनी अकबर झाले आणि सीता झाली जोधा. जुन्या माणसांना त्या दोघांना समोरासमोर बघून काय वाटलं असेल!

त्यानंतर आई, आजी, मावशी, थोरली काकू. 'आनंद', 'बावर्ची', 'अभिमान', 'बॉबी', 'कर्ज'. चित्रपटांची संख्या दोनशेच्या घरात सांगतात. १९७४ च्या 'बिदाई'साठी फिल्मफेअर मिळालं तेव्हा त्यांचं वय सत्तर. 'बॉबी' मी नवी नवी नोकरीला लागले तेव्हा आला. स्टाफरूममध्ये त्यावर नाकं मुरडत चर्चा होई आणि सगळ्यांनी तो पाहिलेला असे. त्यातली ती मिसेस ब्रॅगांझा बघून आमच्या एक शिक्षिका म्हणाल्या होत्या, "ही बाई कुठल्याही घरात शोभते." मला ते अजून आठवतं.

अभिनयाबरोबर धंदाही. १९५२ मध्ये त्यांनी फॅक्ट फिल्म्स काढली, तिचीच पुढे दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स झाली. माहितीपट, जाहिरातपट. १९८८ मध्ये दूरदर्शनवर 'वागळे की दुनिया' लागायची ती मालिका याच संस्थेची, हे तुमच्यापैकी किती जणांच्या लक्षात असेल? दुःखंही कमी नव्हती. धाकटा मुलगा हरिन अकाली गेला. त्याची पत्नी म्हणजे विजया जयवंत, ज्यांना आपण सगळे विजया मेहता म्हणून ओळखतो. पोटचा मुलगा गेल्यावर कॅमेऱ्यासमोर कुणाची तरी प्रेमळ आई म्हणून उभं राहायचं, यावर मी लिहू शकत नाही.

मग अलिबाग. इथे राहायला आल्यावर त्यांनी 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र लिहिलं. शांता गोखल्यांनी २००६ मध्ये त्याचं इंग्रजी केलं. मिळालं तर मराठीच वाचा.

आता ते स्मशान.

१९८४ चा डिसेंबर. दुर्गाबाईंना १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळालेला होता आणि अलिबाग परिसरात त्याचं कौतुक चाललेलं. मी तेव्हा ज्या शाळेत होते तिथे गॅदरिंगचं नाटक माझ्याकडे होतं. मी हरिश्चंद्राचा प्रवेश निवडला. मनात असं की दुर्गाबाईंना पाहुण्या म्हणून बोलवायचं आणि त्यांच्यासमोर मुलांनी तारामती करायची. नववीतली एक मुलगी होती, तिला मी तारामती दिली. वाडीवर राहणारी, अभ्यासात बेताची, पण तालमीत मांडीवर उशी घेऊन तिने रोहिदासाला हाक मारली आणि खिडकीतून बघणारा शिपाई डोळे पुसत आत आला. मी वर्गात तिला कधी एवढ्या मोठ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं.

आठवडा राहिला असताना तिचा चुलता शाळेत आला. आमच्या घरातल्या मुली स्टेजवर नाचत नाहीत, म्हणाला. नाचायचं नव्हतंच, पण ते त्याला कोण सांगणार. वरिष्ठ म्हणाले, बाई, कशाला वाद? आणि मी, फळ्यावर दुर्गा खोटे लिहिणारी मी, लगेच 'बरं' म्हटलं. एक शब्द बोलले नाही. चुलत्याला नाही, वरिष्ठांना नाही, त्या मुलीला तर नाहीच. दुसऱ्या दिवशी तालमीला ती दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी आठवीतल्या एका मुलाला साडी नेसवत होते. १९८४ साली! साळुंक्यांना निदान फाळके तरी लाभले होते.

दुर्गाबाईंना लिहिलेलं आमंत्रणाचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. ते मी टाकलं नाही. त्यांना बोलावून काय दाखवणार होते? २२ सप्टेंबर १९९१ ला त्या गेल्या. बारा किलोमीटरवर राहून मी त्यांना एकदाही प्रत्यक्ष पाहिलं नाही.

नात परत मुंबईला गेली त्या आठवड्यात मी चोंढी बाजारात गेले होते. परत येताना त्या मुलीच्या घरावरून रिक्षा आली. मुलगी कसली, आता आजी झालीये. घरच्या पुढच्या पडवीत शनिवार-रविवार येणाऱ्या मुंबईकरांसाठी खानावळ चालवते. मासळीचं ताट, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. मी रिक्षा थांबवली. ती फोनवर कुणाशी तरी हिंदीत गोड बोलत होती, मधेच दुसऱ्या फोनवर मासेवाल्याला आगरीत झापत होती, आणि मला बघून तिसऱ्याच आवाजात म्हणाली, "या बाई, बसा."

चहा झाला. मी म्हटलं, मला तुला एक सांगायचंय, चाळीस वर्षं राहिलंय. ते नाटक... मी तेव्हा तुझ्या बाजूने बोलायला हवं होतं.

"कुठलं नाटक, बाई?"

मी सांगितलं. ती भाकऱ्या मोजत होती. "मला नाही बाई आठवत," म्हणाली. "शाळेतलं मला एवढंच आठवतं, तुम्ही माझ्या निबंधाला लाल शाईने सगळं खोडलं होतं." आणि हसली. मीही हसले. काय करणार!

निघताना ती फाटकापर्यंत सोडायला आली. पांढऱ्या कांद्याची एक माळ जुनी, उन्हाळ्यातली, माझ्या पिशवीत कोंबली. मी रिक्षात बसले तेव्हा फाटकाची कडी लावता लावता तिने विचारलं,

"तो साडी नेसलेला पोरगा, बाई... रडला का नीट?"

"नाही गं," मी म्हटलं. "पदर पायात अडकून पडला. सगळे हसले."

तिने मान हलवली. आत फोन वाजत होता, ती गेली.